नवरा अमेरिकेच्या फौजेत, मी कोथरूडमध्ये: तेवीस महिन्यांचा हिशेब

गेल्या महिन्याभरात तिघींचे फोन आले. एक मावशीच्या मैत्रिणीची मुलगी, एक जुन्या ऑफिसातली, आणि तिसरी नक्की कोण ते मला अजून कळलेलं नाही; तिला माझा नंबर पार्लरवालीने दिला म्हणे. दोघींचे नवरे आणि एकीचा होणारा नवरा अमेरिकेच्या सैन्यात. तिघींचा पहिला प्रश्न एकच: "मिलिटरीवाल्यांच्या बायकांना ग्रीन कार्ड लगेच मिळतं ना?"

नाही मिळत. रांग तीच, फॉर्म तेच, फीसुद्धा तीच. फौजेमुळे दोनचार ठिकाणी फरक पडतो, पण तो कुठे, हे आपल्यालाच ठाऊक असावं लागतं. आपणहून सांगायला कुणी येत नाही. मी सध्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आहे. दिवसातून सहा वेळा तिच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि मधल्या वेळात पाऊस बघायचा, एवढंच काम. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी वकील नाही. माझं जसं झालं तसं सांगतेय. फिया अधूनमधून बदलतात, तेव्हा भरण्याआधी सरकारी साइटवर बघून घ्या.

नवरा मूळचा पुण्याचाच, कॉलेजात माझ्या वर्गात. त्याच्या आत्याने फार पूर्वी भावासाठी अर्ज केला होता, त्याचा नंबर २०१६ मध्ये लागला आणि विसाव्या वर्षी हा आईवडिलांबरोबर ग्रीन कार्डावर टेक्सासला गेला. २०२१ मध्ये तिकडच्या आर्मीत भरती झाला. भरतीसाठी अमेरिकेचं नागरिक असावंच लागतं असं नाही, ग्रीन कार्डही चालतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुण्यात "नवरा आर्मीत आहे" असं सांगणं सोपं नसतं. म्हणजे फारच सोपं असतं, तीच अडचण. समोरचा लगेच खूश होऊन विचारतो, एनडीएचा का? पोस्टिंग कुठे? सदर्न कमांड? मग कॅन्टीनचं कार्ड असेल की! आणि मग मी म्हणायचं, नाही, आपल्या नाही, अमेरिकेच्या. त्यानंतर जी शांतता पसरते तिची मला हळूहळू सवय झाली.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक सुभेदार काका राहतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. त्यांची शांतता जरा जास्तच लांबली होती. पण लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि लगेच म्हणाले, "आमच्यात पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजेच्या दफ्तरी नोंद, निघाल्याशिवाय बायको ही बायको नसते. तुमच्यात काय असतं ते बघून ठेव." मग आत जाऊन काळी पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. आत काकूंच्या नावाचा प्रत्येक कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीन-तीन झेरॉक्ससकट. मला तेव्हा हसू आलं होतं.

लग्न ११ डिसेंबर २०२२ ला. मुहूर्त काढीव, कारण अमेरिकेच्या सैनिकाला महिन्याला अडीच दिवस रजा साठते आणि याच्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. या तीन आठवड्यांत लग्न, देवदर्शन आणि विवाह नोंदणी. यातलं देवदर्शन राहिलं तरी चालेल, नोंदणी राहून चालणार नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आम्ही दोघं, तीन साक्षीदार, लग्नाची पत्रिका, फोटो, गुरुजींची सही आणि त्यांचं ओळखपत्र असा सगळा लवाजमा घेऊन गेलो. प्रमाणपत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मिळतं, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न येत नाही. एक करा, मूळ प्रती दोनतीन जास्तीच्या घ्या आणि काउंटरवरच उभं राहून स्पेलिंग वाचा. घरी येऊन नाही, काउंटरवर.

नावाबद्दलही इथेच सांगते. लग्नात सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलं. नाव बदलायचं की नाही यावर आधी बरीच चर्चा झाली होती. नवऱ्याने अंगठी घेतली आणि तांदळात माझं होतं तेच नाव लिहिलं, वर म्हणाला, "फॉर्ममध्ये घोळ नको." फोटोग्राफरने नेमका तो क्षण टिपला. ताट, हळदीकुंकू, तांदळात माझं नाव आणि एका बाजूला सासूबाईंचा किंचित पडलेला चेहरा. या फोटोचं पुढे काय झालं ते येईलच. पण व्हिसासाठी आडनाव बदलावं लागत नाही. लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट चालतो. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं आणि अमेरिकन फॉर्म मधलं नाव वेगळं मागतात, तिथे गोंधळ होतो. मी ठरवून टाकलं की जे पासपोर्टात, तेच सगळीकडे.

जानेवारी २०२३ मध्ये परत गेल्यावर नवऱ्याने आधी माझं नाव डिअर्समध्ये घातलं. ही त्यांच्या सैन्याची कुटुंबीयांची नोंदवही. विवाह प्रमाणपत्र दाखवून पत्नी म्हणून नोंद झाली. सुभेदार काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "हां, म्हणजे पार्ट टू झाली." लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून ही नोंद पुढे फार कामाला आली. आमच्यासारख्यांचं ना एकत्र घर, ना एकत्र लाइटबिल. पण सरकारनेच बायको म्हणून लिहून ठेवलंय म्हटल्यावर कागदाला वजन येतं.

२० जानेवारी २०२३ ला त्याने आय-१३० हा मूळ अर्ज ऑनलाइन भरला. फी तेव्हा ५३५ डॉलर होती, म्हणजे साधारण ४४ हजार रुपये. (एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ झाली.) तो ग्रीन कार्डवाला असल्यामुळे मी एफ२ए नावाच्या गटात. नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या संख्येची मर्यादा नसते, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला असते. पण त्या महिन्यांत या गटाची रांग मोकळी होती. कुणाचा नंबर आलाय ते सांगणारा व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतो, त्याच्या तक्त्यात तारखेच्या जागी नुसतं 'सी', म्हणजे करंट, थांबायची गरज नाही. आम्ही खुशीत. दीड वर्षात काम होईल असा हिशेब केला आणि मी ऑफिसात बढती नको म्हणून सांगून आले. हा मूर्खपणा तुम्ही करू नका.

मार्चमध्ये, पाडव्याच्या आसपास, एप्रिलचा व्हिसा बुलेटिन आला. 'सी' गेलेला. त्या जागी ८ सप्टेंबर २०२०. म्हणजे ज्यांचे अर्ज त्या तारखेच्या आधीचे, फक्त त्यांचाच नंबर. आमचा २०२३ चा. मी तो तक्ता पाचसहा वेळा रिफ्रेश केला, जणू काही चुकून छापलं गेलंय. आई स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का बांधत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग आता कधी?" मला उत्तर देता येईना.

याच काळात एका ओळखीच्यांनी एका व्हिसा सल्लागाराकडे पाठवलं. लक्ष्मी रोडच्या एका बोळातलं ऑफिस, भिंतीवर स्वातंत्र्यदेवीचं पोस्टर. फी पाच हजार. सल्ला असा की "टुरिस्ट व्हिसा काढा, सांगा चुलत बहिणीकडे चाललेय, तिथे गेलं की नवऱ्याकडे राहा, तिथूनच कागद करा." हे ऐकू नका. मनात कायम राहायचं असताना फिरायला चाललेय असं व्हिसा घेताना सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते पकडलं गेलं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. मी पाच हजार देऊन आले ते आलेच. त्या पैशांत दोन पैठणीच्या पर्सेस आल्या असत्या.

खरा मार्ग घरातच होता आणि तो आम्ही दोघंही बोलत नव्हतो. नवऱ्याने नागरिकत्व घेतलं की मी आपोआप नागरिकाची बायको, म्हणजे रांगेच्या बाहेर. सैनिकांना हे सोपं आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतरचा काळ त्यांच्या कायद्यात युद्धकाळ धरला जातो. त्यात नोकरी केलेल्या सैनिकाला पाच वर्षांची नेहमीची अट लागत नाही, नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जाची फी नाही, फक्त एन-४२६ या फॉर्मवर युनिटकडून सेवेचं प्रमाणपत्र लागतं. याला तर तसंही २०२१ पासून करता आलं असतं. केलं नव्हतं. विचारलं की "बघू", "एक्सरसाइज आहे", "पुढच्या महिन्यात".

एप्रिलमध्ये एका रात्री मी सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आपला पासपोर्ट सोडवत नाही गं."

गणवेश घातला होता, बंदूक उचलली होती, पण पासपोर्ट मात्र भारताचा जपून ठेवला होता. आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं नसतात. दुसरं घेतलं की पहिलं गेलं. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-जाता येतं, पण मतदान नाही, तो पासपोर्ट नाही. मी त्याला काय सांगणार? माझ्यासाठी सोड म्हणायचं? मी म्हटलं नाही. नुसती तक्त्याची लिंक पाठवली. ते म्हणण्यापेक्षा जास्तच झालं बहुतेक. मे महिन्यात त्याने एन-४०० भरला.

शपथ १९ ऑक्टोबर २०२३ ला झाली. नवरात्र होतं. इथे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, खाली सोसायटीत पोरींचा भोंडला संपून खिरापत ओळखणं चाललं होतं. त्याचा फोन आला. "झालं." मग काहीच नाही. मग म्हणाला, "जुना अजून खिशात आहे. दोन्ही निळेच आहेत, नुसतं बघून कळतही नाही." मी गॅलरीत उभी राहून अभिनंदन म्हणाले आणि दोघांनाही ते विचित्र वाटलं. खालून कुणीतरी ओरडलं, "करंज्या!" आणि सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सुभेदार काका भेटले. त्यांना बातमी होती, सोसायटीत सगळ्यांना सगळं कळतं. "शपथ घेतली?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दूध आणायला गेले. पुढे चारपाच महिने आमचं बोलणं नमस्कारापुरतंच.

आता पुन्हा कागदांकडे. नवरा नागरिक झाला की अर्जाचा गट बदलतो, पण हे आपण कळवावं लागतं. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत ऑनलाइन खात्यात चढवली, शिवाय त्याने इमिग्रेशन खात्याच्या सैनिकांसाठीच्या वेगळ्या हेल्पलाइनवर फोन केला. ही हेल्पलाइन आहे हे कित्येकांना माहीत नसतं. नवऱ्याला सांगा, नेहमीच्या नंबरवर तासभर गाणी ऐकत बसू नकोस. डिसेंबरमध्ये त्याच्या युनिटची पोलंडला नऊ महिन्यांसाठी जायची ऑर्डर निघाली, तेव्हा त्या ऑर्डरची प्रत जोडून आम्ही अर्ज लवकर बघावा अशी विनंती केली. याला एक्सपिडाइट म्हणतात. तो हक्क नाही, विनंती आहे. नाकारलीही जाते. आमची मान्य झाली. १८ जानेवारी २०२४ ला आय-१३० मंजूर झाल्याची मेल आली तेव्हा मी चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिथे अडकल्याचं काही वाटलं नाही.

फेब्रुवारीत फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या ऑफिसला, गेली. हे न्यू हॅम्पशायर राज्यात पोर्ट्समथला आहे, पण आपल्याला तिथे काही जायचं नसतं, सगळं ऑनलाइन. फी दोन: ३२५ डॉलर व्हिसा अर्जाची आणि १२० आर्थिक हमीपत्राची. मिळून ३७ हजारांच्या आसपास. ही फी अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यातूनच भरावी लागते, आपलं क्रेडिट कार्ड इथे उपयोगाचं नाही.

तोवर नवरा पोलंडला पोचला होता. गंमत म्हणजे तो गेला लांब आणि झाला जवळ. टेक्सासशी बोलायचं तर साडेदहा-साडेअकरा तासांचा फरक, पोलंडशी साडेतीन-साडेचार. पण दिवसदिवस फोन लागायचा नाही. त्यामुळे तो जायच्या आधीच मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं: टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, पगाराच्या एलईएस स्लिपा. तुमचा नवरा कुठे जायचा असेल तर जायच्या आधी हे घ्या. तंबूतून कुणी टॅक्सचे कागद पाठवत नाही. हमीपत्रावर, म्हणजे आय-८६४ वर, सही मात्र तिथूनच आली. प्रिंट काढून, पेनाने सही करून, मोबाइलने स्कॅन करून.

हमीपत्रात फौजेचा एक फायदा आहे. इतरांना सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, बायकोसाठी अर्ज करणाऱ्या सेवेतल्या सैनिकाला १०० टक्के पुरतं. २०२४ मध्ये दोन माणसांच्या कुटुंबासाठी १०० टक्के म्हणजे वर्षाला २०,४४० डॉलर. याचा पगार त्याहून जास्त होता, पण नव्याने भरती झालेल्यांना हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. आणि ऑर्डरवर परदेशात असलेला सैनिक अमेरिकेतच राहतो असं धरलं जातं, त्यामुळे "सध्या पोलंड" या पत्त्याने काही अडलं नाही.

माझ्या बाजूचे कागद म्हणजे व्हिसाचा डीएस-२६० फॉर्म (सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते आणि पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती), जन्मदाखला आणि पोलीस क्लिअरन्स.

जन्मदाखल्यात माझं नावच नव्हतं. रकाना कोरा. १९९६ चा जन्म, बाळाची नोंद झाली, बारशानंतर नाव भरायला जायचं राहिलं ते राहिलंच. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या शाळेला कधी अडलं नाही." शाळा सोडल्याचा दाखला, आईबाबांची आधार कार्डं, प्रतिज्ञापत्र, अर्ज असं सगळं जोडून नाव घातलं. तीन खेपा झाल्या. आयुष्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी माझं नामकरण झालं म्हणून बाबांनी पेढे आणले, स्वतःच्या चुकीवर. तुम्ही आजच दाखला काढून बघा, नाव आहे का, आणि आईवडिलांची नावं पासपोर्टशी जुळतात का.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या साइटवरून, ५०० रुपये, मुंढव्याच्या सेवा केंद्रात अपॉइंटमेंट. मग चौकीतून हवालदार घरी आले. चहा झाला.

"कशासाठी पाहिजे?"

"नवऱ्याकडे जायचंय, अमेरिकेला."

"काय करतात?"

"आर्मीत आहेत."

"अरे वा! अमेरिकेत कसली पोस्टिंग? दूतावासात का?"

समजावून सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "म्हणजे त्यांच्याच आर्मीत?" हो. "घेतात?" हो. "पगार बरा असेल मग." आणि पुढच्या रकान्याकडे वळले. बुंदीचा लाडू मात्र दुसरा घेतला.

एप्रिलमध्ये सगळं चढवलं, मे महिन्यात परत आलं. मी कागदांची फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती. मागे शिक्का किंवा मजकूर असेल तर तीही बाजू लागते. सूचनेत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीत पाच आठवडे गेले. १० जूनला फाइल पूर्ण झाल्याचा निरोप आला आणि त्यानंतर शब्दशः काहीच नाही. जून, जुलै, ऑगस्ट. गणपती बसले, गणपती गेले. रोज सकाळी मेल बघायची, संध्याकाळी बघायची. या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि सगळ्यात जास्त थकवलं ते यानेच. मी पोहायला जायला लागले, त्याचा उपयोग झाला. पाण्यात फोन नेता येत नाही.

याच दिवसांत सुभेदार काकांनी एकदा हाक मारली. ट्रंक उघडलेली. त्यातून एक जाड, पट्टीची फाइल काढून दिली, आत सोळा प्लॅस्टिकचे कप्पे. "माझी पेन्शनची होती. आता तिकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. तू घे." बाकी काही बोलले नाहीत. मी तीच फाइल मुंबईला नेली.

२७ सप्टेंबरला पत्र आलं: मुलाखत १२ नोव्हेंबर २०२४, मुंबई.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. २२ ऑक्टोबरला सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरून दादरला उतरले. एक्सरे, रक्त, लघवी, लशी. लहानपणीचं लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड सापडलं तर घेऊन जा, काही लशी वाचतात. माझं सापडलं नाही, आईने बहुतेक बोहारणीला दिलेल्या साड्यांबरोबर देऊन टाकलं. कोविडचं प्रमाणपत्र तेव्हा लागत होतं, २०२५ मध्ये ती अट काढली. तपासणी आणि लशी मिळून पंधरा हजारांच्या आतबाहेर गेले. दोन्ही दंडांत सुया आणि संध्याकाळी दादर स्टेशनची गर्दी, हे एकत्र करू नका. मुक्काम करा.

मुलाखतीआधी बोटांचे ठसे द्यायला एक दिवस आधी जावं लागलं, म्हणून मुलुंडला मावशीकडे राहिले. सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलात. आत फोन, बॅग, स्मार्ट घड्याळ काही चालत नाही, त्यामुळे मावशीचे यजमान बाहेर माझा फोन धरून उभे होते, तीन तास, तक्रार न करता.

इंग्रजी येत असूनही मी मराठीत बोलायचं ठरवलं होतं. मुंबईत तशी सोय आहे. घाबरलं की माझं इंग्रजी आधी पळतं. खिडकीपलीकडे एक गोरा, तरुण अधिकारी आणि शेजारी दुभाषी बाई, आवाजावरून साताऱ्याकडच्या. कुठे भेटलात, लग्न कधी, नवरा आत्ता कुठे, रँक काय. मी "पोलंड, पुढच्या आठवड्यात परत येणार" आणि "स्पेशालिस्ट" म्हटलं. मग त्याने फोटोंचा गठ्ठा चाळला आणि एका फोटोवर थांबला. ताट.

"हे काय आहे?"

मी सांगायला लागले. की आमच्याकडे लग्नात नवरा बायकोचं नवीन नाव तांदळात लिहितो. मग इथे काय लिहिलंय? माझंच नाव. मग नवीन काय? काही नाही. का? फॉर्ममध्ये घोळ होऊ नये म्हणून. दुभाषी बाईंना भाषांतर करता करता हसू आवरेना. तो काही हसला नाही, पण त्याने फोटो सरळ करून परत गठ्ठ्यात ठेवला, विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत मला परत दिली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. मंजूर झाल्याचं त्याने स्वतः मराठीत सांगितलं, "अभिनंदन", 'भ' जरा अवघड जाऊन.

एकूण सात मिनिटं असतील. मावशीच्या यजमानांना सांगताना मला रडू आलं आणि ते घाबरले, त्यांना वाटलं नाही मिळाला.

पासपोर्ट २२ नोव्हेंबरला हातात आला. त्याआधी २० तारखेला विधानसभेचं मतदान झालं होतं, ते मी करून घेतलं. बोटावरची शाई वाळेपर्यंत नवऱ्याला फोटो पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला, इमोजीचा.

आता एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. अमेरिकेत पाऊल ठेवता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर सीआर१, म्हणजे दोन वर्षांचं, सशर्त कार्ड. मग मुदत संपण्याआधी आय-७५१ भरून पुन्हा सगळं सिद्ध करायचं, फी ७५० डॉलर. दोन वर्षं झाली असतील तर आयआर१, दहा वर्षांचं कार्ड. माझ्या व्हिसावर सीआर१ छापलेलं होतं, मुदत एप्रिलपर्यंत. आमची दोन वर्षं ११ डिसेंबरला भरत होती. नवरा म्हणत होता लगेच ये, मी परत आलोय. मी तिकीट १३ डिसेंबरच्या रात्रीचं काढलं. इतके महिने थांबलो, आणखी तीन आठवडे थांबलो तर काय बिघडतं, असं मी म्हणाले खरी, पण ते तीन आठवडे जून ते ऑगस्टपेक्षा लांब होते. निघण्याआधी २३५ डॉलरची शेवटची फी ऑनलाइन भरली, कार्ड छापण्याची. सगळ्या सरकारी फिया मिळून १,२१५ डॉलर, म्हणजे लाखभर रुपये. तिकीट आणि मुंबईच्या खेपा वेगळ्या.

डॅलसला १४ तारखेला उतरले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला मी स्वतःहून विवाह प्रमाणपत्र दाखवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. त्याने बघितलं, मोजलं, आणि शिक्क्यावर पेनाने आयआर१ लिहिलं. तुम्हीही प्रमाणपत्र हातातल्या पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको. एक्सरेची सीडीसुद्धा.

बाहेर नवरा गणवेशात उभा असेल असं माझ्या आईच्या डोक्यात होतं. तो जीन्समध्ये होता आणि त्याने येताना थर्मासमध्ये चहा आणला होता. साखर जास्त झाली होती.

कार्ड फेब्रुवारीत पोस्टाने आलं. तळावरचं ओळखपत्र, तिथली घरं, तिथला दवाखाना, हे सगळं पुढचं, आणि त्यात मी अजून शिकतेच आहे. तिघींनाही मी तेच सांगितलं.

परवा आईचे थेंब आणायला खाली उतरले तर सुभेदार काका कट्ट्यावर बसलेले. म्हणाले, "दाखव बघू ते कार्ड." मी पाकिटातून काढून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड हातभर लांब धरलं, पुढून वाचलं, उलटं करून मागून वाचलं. माझं नाव, मग तारीख, १४ डिसेंबर २०२४. दोनदा वाचली.

"फाइल आहे ना?"

"आहे, काका. तिकडे कपाटात."

"आणि याच्या झेरॉक्स?"

"एक काढलीये."

त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट केलं. "आठपर्यंत उघडं असतं. अजून दोन काढ, जा."